उंदीर पडले

जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीपुढे रोगी आणण्याची चाल जुनी आहे. रोग्याला काय होते हे सारे विचारतात. घरी कोणते जनावर मेले, हे कोणी विचारीत नाही. आमच्या आज्या मात्र विचारीत. प्लेगची आठवण त्यांच्या बोलण्यात दोनच शब्दांत उरली होती: ‘उंदीर पडले’. घरात उंदीर मरू लागले, की दाराला कुलूप घालून माणसे शेतात झोपड्या बांधीत.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. सरकार घरे धूत राहिले, माणसांच्या झडत्या घेत राहिले. उंदराचा रोग पिसवा माणसाला देतात, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. पण तेही बरीच वर्षे कोणी मनावर घेतले नाही. आज्यांचे निरीक्षण अधिक बरे म्हणावे लागते.

२००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा तो कोंबड्यांपुरता वाटला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात त्याच रोगाने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाड्यात कोंबडीबाजारात आणि पाळीव मांजरांत तो विषाणू सापडला. आमचे सौंसर या दोहोंच्या मधल्या वाटेवर! वाघ काय, मांजर काय, कुळ एकच; संशय कच्च्या कोंबडीवर. पक्ष्यातून सस्तन प्राण्यात उतरलेला विषाणू आपल्याकडे एक पायरी जवळ येतो. छिंदवाड्यात माणसांचेही नमुने तपासले. त्यांत तो आढळला नाही.

मेलेले मांजर आम्ही अजून उकिरड्यावर टाकून मोकळे होतो.