हरणारा उमेदवार माघार का घेत नाही?

निवडणूक कुठलीही असो, ग्रामपंचायतीची नाहीतर थेट राष्ट्राध्यक्षाची, एक उमेदवार हमखास असतो. तो जिंकणार नाही हे त्याला माहीत असतं, त्याच्या कार्यकर्त्यांना माहीत असतं, चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांना माहीत असतं. तरी अर्ज मागे घ्यायची मुदत टळून जाते आणि हा पठ्ठ्या मैदानात तो मैदानातच! मग लोक दोन कारणं सांगतात. एक तर याला कोणीतरी पैसे देऊन उभं केलंय, नाहीतर याचं डोकं फिरलंय. मला तिसरं कारण जास्त इंटरेस्टिंग वाटतं. ते म्हणजे मतं मोजायचा नियम.

आधी घरातलं उदाहरण. आमची सांगवी चिंचवड विधानसभा मतदारसंघात येते. आमदार लक्ष्मण जगताप यांचं जानेवारी २०२३ मध्ये निधन झालं आणि २६ फेब्रुवारीला पोटनिवडणूक झाली. भाजपकडून अश्विनी जगताप, राष्ट्रवादीकडून नाना काटे आणि तिसरे अपक्ष राहुल कलाटे. महाविकास आघाडीच्या नेत्यांनी कलाटेंची भरपूर मनधरणी केली, पण त्यांनी अर्ज मागे घेतला नाही. निकाल लागला तेव्हा जगताप साधारण ३६ हजारांनी जिंकल्या होत्या आणि कलाटेंना ४० हजारांहून जास्त मतं होती. झालं! 'कलाटेंनी मतं खाल्ली' हा निष्कर्ष त्याच संध्याकाळी चौकाचौकात पक्का झाला.

पण खरंच खाल्ली का? कलाटे नसते तर ती सगळी मतं काट्यांना गेली असती, निम्मी जगतापांना गेली असती, की ते मतदार घरीच बसले असते? हे कोणालाच सांगता येत नाही. कारण ईव्हीएम आपल्याला एकच प्रश्न विचारतं: तुम्हाला कोण हवंय? 'तो नाही तर मग कोण?' हा दुसरा प्रश्न ते विचारतच नाही. डेटा गोळाच केला नाही तर उत्तर कुठून येणार?

आपल्याच देशात एक निवडणूक मात्र अशी आहे जिथे हा दुसरा प्रश्न विचारतात. राष्ट्रपतीपदाची. आणि त्या निवडणुकीत एकदाच, फक्त एकदाच, सगळा निकाल त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर लागला. साल १९६९. आणि मैदान न सोडणारा तो तिसरा माणूस होता आपला मराठी माणूस, चिंतामणराव देशमुख.

आधी नियम समजून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल. राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. प्रत्येकाच्या मताला ठरावीक किंमत असते. १९६९ साली एका खासदाराचं मत ५७६ चं होतं, महाराष्ट्राच्या एका आमदाराचं १४६ चं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, तर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. पहिल्या पसंतीत कोणी कोटा गाठला तर विषय संपला. नाही गाठला तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. पुन्हा बेरीज, पुन्हा खालचा बाद. कोटा गाठेपर्यंत हे लूप चालू. पुढची पसंती लिहिलीच नसेल तर ती मतपत्रिका बाजूला पडते.

आता गोष्ट. राष्ट्रपती झाकीर हुसेन ३ मे १९६९ ला गेले. काँग्रेसमध्ये तेव्हा इंदिरा गांधी आणि जुने नेते (ज्यांना 'सिंडिकेट' म्हणत) यांचं हाडवैर चालू होतं. जुलैमध्ये बंगळूरला इंदिराजींचा विरोध डावलून सिंडिकेटने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांना पक्षाचे उमेदवार केलं. मग सगळं फटाफट घडलं. १६ जुलैला मोरारजी देसाईंचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. लगेच दुसऱ्या दिवशी उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उतरले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सही खुद्द इंदिराजींची, आणि मनात मात्र गिरी!

या भांडणात जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने मिळून तिसरा उमेदवार दिला. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख, वय ७३.

चिंतामणराव म्हणजे काय चीज होती हे आपल्या पिढीला फारसं माहीत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावात जन्म, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते ५६ देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं तेव्हा त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. अर्थमंत्रीपद सोडून! राजीनामे खिशात ठेवून फिरणाऱ्यांच्या आजच्या जमान्यात हे जरा थांबून वाचण्यासारखं आहे.

आणि त्यातला विरोधाभास बघा. स्वतंत्र पक्ष म्हणजे सरकारीकरणाचा कट्टर विरोधक. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन महिनाही झाला नव्हता. आणि त्यांचा उमेदवार कोण? ज्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १ जानेवारी १९४९ ला, खुद्द रिझर्व्ह बँक सरकारी झाली. ज्यांच्या अर्थमंत्रीपदाच्या काळात इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली (१९५५) आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं (१९५६). थोडक्यात काय, उमेदवार विचारांचा आरसा म्हणून निवडलेला नव्हता. नाव मोठं होतं, स्वच्छ होतं आणि कुठल्याच पक्षाचं नव्हतं.

ते जिंकणार नव्हते हे उघड होतं. दोन्ही पक्षांची मिळून तेवढी मतंच नव्हती. मग उभं का करायचं? थेट रेड्डींना पाठिंबा का नाही?

मला विचाराल तर उत्तर त्या १-२-३ मध्ये आहे. पहिली पसंती काँग्रेसच्या माणसाला दिली असती तर हे दोन पक्ष काँग्रेसच्या घरच्या भांडणातले भाडोत्री ठरले असते. स्वतःचा माणूस उभा करून त्यांनी पहिल्या पसंतीने आपलं वेगळेपण राखलं, आणि दुसरी पसंती हातातला हुकुमाचा एक्का म्हणून मोकळी ठेवली. या नियमात तिसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत वाया जात नाही. ते फक्त रांगेत थांबतं. चिंचवडमध्ये जी गोष्ट 'मतं खाणं' ठरते, तीच राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत सौदा करायची ताकद ठरते. माणसं तीच, महत्त्वाकांक्षा तीच, फक्त मोजायचा नियम वेगळा.

आणि सौदा झालाच. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि दुसरी पसंती रेड्डींना द्या असं म्हणाले. गणित बरोबर होतं. राजकारण चुकलं. इंदिरा गटाला आयतं कोलीत मिळालं: बघा, पक्षाचे अध्यक्षच उजव्या पक्षांशी हातमिळवणी करतायत! व्हिप काढायला इंदिराजींनी नकार दिला आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असं आवाहन झालं.

१६ ऑगस्टला मतदान, २० ला मोजणी. आता आकडे. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. बाकीच्या सगळ्यांची मिळून साडेआठ हजार. एकूण ८,३६,३३७, म्हणजे कोटा ४,१८,१६९. गिरींना १६,६५४ मतं कमी पडत होती. लूप चालू झालं. खालचे एकेक करून बाद, शेवटी देशमुखही बाद.

बाद उमेदवारांची सगळी मिळून १,२१,२७४ मतं वाटायला होती. त्यातली ९१,८७९ रेड्डींकडे गेली. म्हणजे चारातली तीन! सौदा बऱ्यापैकी पाळला गेला होता. गिरींना त्यातून फक्त १८,५६२ मिळाली. आणि १०,८३३ कोणाकडेच गेली नाहीत, कारण पुढची पसंती कामाची नव्हती. अंतिम आकडे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०.

इथे मी एक्सेल उघडून थोडा खेळ केला. समजा ती बाजूला पडलेली १०,८३३ मतं सगळीच्या सगळी रेड्डींना गेली असती तर? रेड्डी ४,१६,२६०. तरी ३,८१७ ने हरलेच. म्हणजे पसंती न लिहिणाऱ्यांनी रेड्डींना पाडलं नाही. गिरींना कोट्यापलीकडे नेलं ते त्या १८,५६२ मतांनी. त्यातली बहुतेक मतं देशमुखांच्याच मतपत्रिकांवरून आली असणार, कारण बाकीच्यांची मुळात होतीच साडेआठ हजार. म्हणजे देशमुखांना १ लिहून, ठरलेला सौदा बाजूला ठेवून गिरींपुढे २ लिहिणारे काही आमदार-खासदार होते. मूठभर लोकांनी गुपचूप दिलेलं उत्तर, आणि त्याने देशाचा राष्ट्रपती ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली.

जे चिंचवडमध्ये कधीच कळणार नाही, ते इथे आकड्यांत लिहून ठेवलेलं आहे. तिसऱ्या माणसाच्या मतदारांना दुसरं कोण हवं होतं ते.

या निवडणुकीत एकूण १५ उमेदवार होते, आणि देशमुखांच्या खालची यादीही वाचण्यासारखी आहे. त्यात ८३१ मतांवर एक नाव आहे: पांडुरंग नथुजी राजभोज. पुण्याच्या १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातले, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला डॉ. आंबेडकर स्वतः मुंबईत हरले, पण राजभोज सोलापुरातून निवडून आले होते. त्यांच्या ८३१ मतांनी निकालात काडीचा फरक पडला नाही. पण १९६९ साली देशाच्या सर्वोच्च पदाच्या मतपत्रिकेवर एका दलित कार्यकर्त्याचं नाव छापलं गेलं, आणि काही लोकप्रतिनिधींनी त्याच्यापुढे १ लिहिलं. पहिल्या, १९५२ च्या, राष्ट्रपती निवडणुकीतही एक मराठी नाव सापडतं: लक्ष्मण गणेश थत्ते, २,६७२ मतं. समोर राजेंद्रप्रसाद, पाच लाखांच्या वर.

आणि १९६९ मध्ये पाच जणांना शून्य मतं होती. गंमत म्हणजे तेव्हा अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागायचा, दोघेही मतदारच. म्हणजे ज्यांनी सह्या केल्या त्यांनीसुद्धा मत दिलं नाही :)

अशा उमेदवारांना आवरायला १९७४ मध्ये कायदा बदलला. १० सूचक, १० अनुमोदक, अडीच हजार अनामत. १९९७ मध्ये ते ५० अधिक ५० आणि १५ हजार झालं. परिणाम असा की १९९७ पासून २०२२ पर्यंतच्या सहाही निवडणुकांत मैदानात दोनच उमेदवार राहिले. हरणारा उमेदवार अजून असतोच. १९९७ ला शिवसेनेच्या पाठिंब्यावर शेषन होते, २००२ ला कलामांसमोर कॅप्टन लक्ष्मी सहगल होत्या. पण दोघांच्यात दुसऱ्या पसंतीला काही अर्थच उरत नाही. १-२-३ लिहायची सोय आहे, ती वापरायची वेळ येत नाही. कोड आहे, पण रन होत नाही.

हौशी लोकांना आवर घालायला हवा हे मला पटतं. शून्य मतांचे पाच उमेदवार कोणाच्या भल्याचे? पण ५० सह्यांच्या चाळणीतून राजभोजांसारखा माणूसही खाली पडतो, आणि कुठल्याच मोठ्या आघाडीत न बसणारा एखादा चिंतामणरावही.

आता हाच चष्मा लावून अमेरिकेकडे बघा. तिथल्या प्रायमरीत मागे पडलेले उमेदवार महिनोन्‌महिने का टिकतात याचं आपल्याला नवल वाटतं. २००८ मध्ये माइक हकबी ४ मार्चपर्यंत थांबले, मॅकेन यांनी बहुमत गाठेपर्यंत. डेमोक्रॅटिक पक्षात तर प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात मिळतात (किमान १५ टक्के मतं हवीत), म्हणजे हरणाऱ्याच्याही खात्यात काहीतरी जमा होत राहतं. जेसी जॅक्सन १९८८ ला हरले, पण हे प्रमाणाचे नियम पक्के झाले ते त्यांच्या दबावामुळे. बर्नी सँडर्स २०१६ ला शेवटपर्यंत राहिले आणि हरले, पण २०१८ मध्ये पक्षाने पहिल्या फेरीतला 'सुपरडेलिगेट'चा अधिकार काढला. तिथेही तेच. जिंकणं हा टिकून राहण्याच्या अनेक कारणांपैकी फक्त एक भाग.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या वॉर्डात कोणी हरणारा उमेदवार हटून बसला तर त्याला वेड्यात काढण्याआधी एवढंच बघा, की मोजणीचा नियम त्याच्या मतांचं काय करतो. आपला नियम त्याची मतं कचऱ्यात टाकतो, म्हणून तो आपल्याला उपद्रवी वाटतो. १९६९ च्या नियमाने ती मतं जपून ठेवली, पुन्हा मोजली, आणि तिसऱ्या नंबरच्या माणसाच्या मतदारांनी पहिला नंबर ठरवला. चिंतामणराव तेव्हा हरले, पण त्यांना दिलेलं प्रत्येक मत दोनदा विचारात घेतलं गेलं. आपलं एकदा घेतलं जातं.