पंख्याची घरघर आणि डॅनियल जॉन्स्टनची टेप

तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी पेटी वाजवली असेल, त्यांना एक गोष्ट हातानेच समजलेली असते. एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर, आणि सूर लहानमोठा होतो तो भात्याच्या हातामुळे. आता समजा, भाता काढला आणि तिथे विजेचा छोटा पंखा बसवला. हवेचा दाब कायम सारखाच. डावीकडे बटणं, एक दाबलं की तीन सूर एकदम वाजतात. हे झालं कॉर्ड ऑर्गन, अमेरिकेतलं एक स्वस्त घरगुती वाद्य.

१९८३ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये, भावाकडे राहणाऱ्या बावीस वर्षांच्या डॅनियल जॉन्स्टनने असा ऑर्गन घेऊन एकट्याने गाणी म्हटली आणि सान्योच्या साध्या मोनो रेकॉर्डरवर टेप केली. हाच 'यिप/जंप म्युझिक' हा अल्बम. पुढे कर्ट कोबेनने स्वतःच्या आवडत्या पन्नास अल्बमांची यादी केली, तिच्यात हे नाव होतं.

पहिल्यांदा ऐकलं की कानात भरते ती खरखर. जॉन्स्टनला पुढे गंभीर मानसिक आजार झाला, रुग्णालयात राहावं लागलं. त्यामुळे या टेपबद्दल बोलताना बरेच जण खरखर, कापरा आवाज आणि आजार यांची एकच मोळी बांधतात. जणू आजारच टेपवर उतरलाय.

माझं पीएचडीचं काम आवाजातला गोंगाट वेगळा काढण्याबद्दल आहे. त्यात पहिला प्रश्न असतो: हा गोंगाट आला कुठून? तोच प्रश्न या टेपला विचारून बघू.

एक, पंखा. वाद्य चालू आहे तोवर तो घरघरणारच. दोन, रेकॉर्डर. अशा स्वस्त यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप ठरवणारं सर्किट सहसा असतं. गाणारा थांबला की ते यंत्र 'आवाज कमी झाला' असं समजून पातळी वाढवतं, आणि मागची घरघर एकदम पुढे येते. गाण्यातल्या शांत जागा अस्वस्थ वाटतात, त्यामागे हेही कारण असू शकतं. तीन, कॅसेट. टेपवरून टेप काढली की दुसऱ्या टेपची स्वतःची खरखर मिसळते. दोन्ही सारख्या असतील तर गोंगाट सुमारे ३ डेसिबलने वाढतो. सुरुवातीच्या काळात जॉन्स्टनकडे प्रती काढायची सोय नव्हती, म्हणून कुणाला टेप द्यायची तर तो सगळी गाणी पुन्हा गायचा, असं सांगितलं जातं.

या तिन्हींत आजार कुठे आहे? कुठेच नाही. आहे ती पैशांची चणचण आणि बाजारात मिळणारी साधी यंत्रं.

मग उदासी येते कुठून? मला वाटतं, थोडं उत्तर त्या पंख्यातच आहे. भाता नसल्यामुळे साथ हळू-मोठी करताच येत नाही. सूर सपाट, एका पातळीवर चालत राहतात. चढ-उतार, थरथर, दम लागणं, सगळं एकट्या गळ्याला करावं लागतं. म्हणून तो गळा इतका उघडा पडल्यासारखा वाटतो. बाकीचं उत्तर गाण्यांच्या बांधणीत आहे, आणि ते तपासताही येतं. यातलं 'स्पीडिंग मोटरसायकल' १९९०मध्ये यो ला टेंगो या बँडने आपल्या अल्बमवर घेतलं. 'वरीड शूज' कॅरन ओ हिने २००९च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या चित्रपटासाठी गायलं. वाद्य बदललं, यंत्र बदललं, गळा बदलला. गाणं तसंच उभं राहिलं. ते रचणाऱ्याचं कसब होतं. त्याचं श्रेय आजाराला दिलं तर आपण त्याच्याकडून ते काढून घेतो.

याचा अर्थ ती टेप धुऊनपुसून स्वच्छ करावी असाही नाही. पंख्याची घरघर पुसली तर ती खोली आणि ते वाद्यही पुसलं जाईल, आणि आपल्याकडे त्यांचा तोच पुरावा आहे.

जॉन्स्टन २०१९च्या सप्टेंबरमध्ये गेला. आज रात्री वेळ मिळाला तर आधी त्याचं 'वरीड शूज' ऐका, मग कॅरन ओचं. दोन ओळींच्या मधल्या शांततेकडे लक्ष द्या. पंखा ऐकू येतोय का, मला नक्की कळवा.