घरी राहण्याची परवानगी

1981 च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत आयोवा राज्यातल्या एका लहान मुलीची हकीकत सांगितली. केटी बेकेट तिचं नाव. पाच महिन्यांची असताना मेंदूला सूज आली आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर लागला. पुढे तब्येत इतकी सुधारली की डॉक्टर तिला घरी सोडायला तयार झाले. घरच्या शुश्रूषेचा खर्चही रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी. तरी ती तीन वर्षं रुग्णालयातच होती. कारण घरी पाऊल ठेवताच आईवडिलांचं उत्पन्न हिशेबात धरलं जायचं आणि मेडिकेड ही सरकारी मदत बंद व्हायची.

याचं मूळ 1965 च्या मेडिकेड कायद्यात आहे. प्रौढांसाठी नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक केलं गेलं. पण घरी येऊन अंथरुणातून उठवणारा, अंघोळ घालणारा मदतनीस राज्याच्या मर्जीवर राहिला. पैसा नर्सिंग होमसारख्या संस्थांकडे वाहिला, माणसंही तिकडेच गेली.

माणसांना असं संस्थेत ठेवण्याला जोरदार विरोध अपंगांनीच केला, आणि त्याची सुरुवात या कायद्याच्याही आधीची. पोलिओमुळे मानेखाली लुळे झालेले एड रॉबर्ट्स 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात आले, तेव्हा त्यांचं श्वसनयंत्र वसतिगृहात मावेना म्हणून त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावं लागलं. मदतनीस कोण, तो कधी येणार, काम कसं करणार, हे आपणच ठरवायचं, हा आग्रह तिथल्या अपंग विद्यार्थ्यांनी धरला. त्यातूनच 1972 मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार हाच.

रेगन यांच्या त्या पत्रकार परिषदेनंतर केटीसाठी नियमाला अपवाद केला गेला आणि 1981 च्या डिसेंबरात ती घरी आली. त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यांना अशा सवलतींची वाट खुली केली होती. 1999 मध्ये जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की समाजात राहू शकणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे.

पण 1965 ची ती मांडणी अजून मोडलेली नाही. नर्सिंग होम हा हक्क आहे, घरची बरीचशी मदत मात्र अजूनही सवलतच आहे, आणि त्या सवलतीसाठी काही लाख माणसं प्रतीक्षायादीत आहेत. हा क्रम कायद्यातच उलटायला हवा.