नऊ वर्षांचा करार

श्रोतेहो, आपल्या गावातली एखादी मुलगी तालुक्याला जाऊन गाण्याची परीक्षा देऊन येते, प्रमाणपत्र आणते, आणि आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र भलेभले गवई याला हसले असते. गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरायचे, पाय चेपायचे, आणि मर्जी होईल त्या दिवशी चार स्वर पदरात पाडून घ्यायचे. फी नाही, वेळापत्रक नाही, पुस्तक तर नाहीच!

कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा याच वाटेने गेला. विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२ चा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे सुरू झाले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी दूर लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. नाव महाविद्यालय, पण शिक्षण अगदी 'सा'पासून.

तिथले विद्यार्थिजीवन कसे होते? विद्यार्थी दोन तऱ्हेचे. एक फी भरून तासापुरते येणारे. दुसरे उपदेशक वर्गातले. हे तिथेच राहत. त्यांच्याकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. जेवण, राहणे, शिकवणे सारे फुकट. मोबदल्यात मुलाने मध्येच पळून जायचे नाही. पहाटे रियाझ, मग प्रार्थना, मग वर्ग. थोरल्याने धाकट्याला शिकवायचे, गुरुजींबरोबर दौऱ्यावर जायचे, तंबोऱ्यावर साथ करायची. चिजांतले शृंगारिक शब्द काढून तिथे भक्तीची पदे आली, आणि स्वरलिपीची पुस्तके छापली गेली. गुरूच्या गळ्यात कुलूपबंद असलेली विद्या कागदावर उतरली.

विनायकराव पटवर्धन १९०७ साली मिरजेहून लाहोरला गेले, तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते. त्या वयाच्या पोराला एवढ्या दूर धाडताना घरच्यांच्या जिवाचे काय झाले असेल! ओंकारनाथ ठाकूर १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले; तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती.

आता दुसरी बाजू. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढे स्वतःची इमारत झाली, पण ती कर्जावर. इतक्या मुलांना फुकट जेवू घालायचे, तर पैसा आणायचा कुठून? बुवा गावोगाव गात हिंडले, बिदागी येई ती खर्चात आणि व्याजात जाई. अखेर १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा मिरजेस वारले.

मग करार बुडाला का? नाही. त्याच वर्षी अहमदाबादेस शिष्य जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले. आपल्या गावची मुलगी देते ती परीक्षा बहुधा याच मंडळाची.

गुरुजनहो, त्या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. वर्गात बसून सगळेच गवई होत नाहीत, हे खरेच. पण आपल्या शाळेतली पेटी कपाटात धूळ खात असेल, तर ती एकदा बाहेर काढा. लिलाव झाला तो दगडविटांचा. शिकवलेले काही लिलावात निघत नाही.