पेस्ली येथील बाटली आणि निष्काळजीपणाचा कायदा

कुमारवयीन विद्यार्थ्यांस अपकृत्यविधीची ओळख करून देताना डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्याची कथा पुष्कळदा सांगितली जाते. कथा सोपी आहे. बाटली आणि गोगलगाय या दोन वस्तू कोणासही समजतात. तथापि ज्या रीतीने ती सांगितली जाते, त्या रीतीत एक ऐतिहासिक प्रमाद वारंवार घडतो. त्याचा विचार करणे अध्यापनाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

26 ऑगस्ट 1928 रोजी मे डोनोह्यू ही स्त्री स्कॉटलंडमधील पेस्ली येथील एका उपाहारगृहात गेली. तिच्या मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर विकत घेतली. बाटली गडद रंगाची, अपारदर्शक होती. काही पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली व त्यामुळे आपणांस आजार जडला, असे तिचे म्हणणे होते. तिने पेयाचा उत्पादक डेव्हिड स्टीव्हन्सन याच्याविरुद्ध 500 पौंडांचा दावा लावला.

येथे कायद्याची अडचण उभी राहिली. पैसे मैत्रिणीने दिलेले असल्यामुळे वादीचा दुकानदाराशी करार नव्हता, आणि उत्पादकाशी तर नव्हताच. कराराबाहेरच्या व्यक्तीस अशी दाद मागता येत नाही, हे मत 1842 च्या विंटरबॉटम विरुद्ध राइट या निकालापासून दृढ झाले होते. त्या खटल्यात टपालगाडी मोडून जायबंदी झालेल्या गाडीवानास भरपाई नाकारण्यात आली होती. 1929 साली पेयाच्या बाटल्यांत उंदीर सापडल्याच्या खटल्यांतही स्कॉटलंडच्या न्यायालयाने उत्पादकाच्या बाजूने कौल दिला. असे असूनही त्याच वर्षी डोनोह्यूचा दावा दाखल झाला. ती इतकी निर्धन होती, की हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये अपील करताना तिला निष्कांचन पक्षकार म्हणून परवानगी घ्यावी लागली.

26 मे 1932 रोजी तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने तिच्या बाजूने निर्णय झाला. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी ‘शेजारी कोण?’ या धर्मग्रंथातील प्रश्नास कायदेशीर रूप दिले. आपल्या कृत्यामुळे ज्यांस इजा पोहोचेल हे समंजस मनुष्यास आधी दिसावयास हवे, तो प्रत्येक जण आपला शेजारी होय, आणि त्याच्याविषयी दक्षता बाळगणे हे कर्तव्य होय. माल मध्यंतरी तपासला जाण्याची शक्यता नसताना तो जसाच्या तसा ग्राहकाच्या हाती पोहोचणार असेल, तर उत्पादकावर हे कर्तव्य येते. उलट लॉर्ड बकमास्टर यांना अशा तत्त्वाने दायित्वास सीमाच राहणार नाही, अशी भीती वाटत होती.

आता प्रमादाकडे वळू. बाटलीत गोगलगाय होती, असे कोणत्याही न्यायालयाने कधीही ठरविलेले नाही. वादीचे कथन खरे मानल्यास कायद्याने दाद मागता येईल काय, एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्‌सपुढे होता. पुराव्याची वेळ येण्यापूर्वीच, 1932 च्या अखेरीस स्टीव्हन्सन मरण पावला व पुढे प्रकरण आपसांत मिटले. ‘गोगलगाय सापडली, म्हणून उत्पादक दोषी ठरला’ हे वाक्य म्हणूनच इतिहासास धरून नाही. दोष प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध कसा होतो, हे दाखविण्यास प्रिव्ही कौन्सिलचा 1935 चा ऑस्ट्रेलियन खटला अधिक उपयुक्त आहे. त्यात लोकरी अंतर्वस्त्रांत राहिलेल्या रसायनाने त्वचारोग झाल्याचे मान्य झाले.

भारतातही या विषयाचा पुढचा टप्पा दिसतो. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या कायद्यात उत्पादनदायित्वासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. निर्मितिदोष, रचनादोष व अपुऱ्या सूचना यांबद्दल उत्पादकास त्यात उत्तरदायी धरले आहे. परंतु या तरतुदी पाठ करविण्यापूर्वी विद्यार्थ्यास तीन प्रश्न वेगळे करावयास शिकविले पाहिजेत: काय घडले असे सांगितले गेले, काय सिद्ध झाले, आणि सिद्ध झाल्यास कायदा काय म्हणतो. पेस्लीच्या बाटलीने या तीनपैकी केवळ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिले. पण निर्धन ग्राहकास दूरच्या उत्पादकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्या एका उत्तरानेच खुला झाला.