कचऱ्याचं माप, जंगलाचं माप

एखादी गोष्ट किती होती, याबरोबरच ती कुणी आणि कशासाठी मोजली, हेही इतिहासात आपण विचारायला हवं. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये वॉरन आणि ऑल्सेन यांनी एक पद्धत सुचवली. तोडणीनंतर किती लाकूड वाया गेलं, एवढंच त्यांना हवं होतं. जमिनीवर सरळ रेषा आखायची आणि तिला आडवे येणारे ओंडके तेवढे मोजायचे. १९६८मध्ये कॅनडात वॅन वॅगनर यांनी तिचं गणित मांडलं, ते वणव्याच्या इंधनाचा अंदाज यावा म्हणून. म्हणजे मेलेलं लाकूड एक तर कचरा, नाही तर धोका!

पण १९६६मध्येच इंग्लंडचे चार्ल्स एल्टन सांगत होते, की नैसर्गिक जंगलात मरतं-मेलेलं लाकूड हा प्राण्यांचा फार मोठा आधार आहे. फिनलंडमध्ये भुंगेरे, बुरशी अशा चार-पाच हजार जाती त्यावर जगतात. तिथल्या दक्षिण भागातल्या जुन्या, अस्पर्श जंगलात ते हेक्टरी साधारण ९० ते १२० घनमीटर असतं; लाकडासाठी राखलेल्या जंगलात दहाच्याही आत.

आज तीच रेषा आपण जीव वाचवायला वापरतो. मात्र नुसती बेरीज पुरत नाही. जाड, उभ्या खोडात राहणाऱ्या भुंगेऱ्याला बारीक फांद्यांचा ढीग काय कामाचा? म्हणून झाडाची जात, जाडी, उभं की पडलेलं, किती कुजलेलं, हेही नोंदवावं लागतं.