हागारची विहीर

"मावशीचं डोळं देवीनं नेलं, आन् मग तिला देव दिसला." आजीचं हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की त्यातलं कोडं जाणवायचंच बंद झालं होतं. देवी म्हणजे अंगावर येणाऱ्या देवी, फोडांची ती साथ, हे पुढे समजलं. पण 'देव दिसला' म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारायला मला कॉलेजात जावं लागलं. आजी तेव्हा ओसरीवर तांदूळ निवडत होती. "कळसापास्नं सुरुवात करावी लागंल," ती म्हणाली.

आमचं मूळ गाव राहुरीजवळचं, घर महारवाड्यातलं. पणजीच्या माहेरी पंढरीची वारी होती. चंद्रभागेत बुडी मारायची, महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायचं, तिथूनच मान वर करून कळस बघायचा आणि मागे फिरायचं. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले, आणि त्यांच्या लेकरांना पाच-सहा शतकं त्यांच्या समाधीपुढे पाऊल टाकता आलं नाही. पणजी म्हणे, "आम्ही इठ्ठल बघितला न्हाई, त्याच्या घराचा शेंडा बघितला." हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नसे. मला मात्र ते आठवलं की आजही घशाशी येतं.

1899-1900 च्या दुष्काळात पणजी-पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं, आसपासच्या खेड्यांत शाळा होत्या. पोटासाठी बाटले, असं गाव म्हणालं. पोटात आग होती हे आजीने कधी नाकारलं नाही; उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्या हातात देव दिसला तर त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मलाही कळत नाही. पण ती त्यापुढचं सांगे. उपासनेच्या पहिल्या दिवशी पणजी थेट आत गेली, कुणी अडवलं नाही. आत चुन्याने सारवलेल्या भिंती. मूर्ती नाही, तसबीर नाही, दिवासुद्धा नाही. जन्मभर दाराबाहेर उभी राहिलेली ती बाई गाभाऱ्यापर्यंत पोहोचली आणि गाभारा रिकामा! तिने शेजारच्या बायबलबाईला हळूच विचारलं, "बाई, देव कुठं हाय?"

बायबलबाईने उत्तर दिलं नाही. उपासना सुटल्यावर तिला बाहेर लिंबाखाली बसवून हागारची गोष्ट सांगितली.

हागार म्हणजे अब्राहामाच्या घरातली मिसरी दासी. मालकिणीचा जाच सोसवेना म्हणून पोटुशी असतानाच रानात पळाली. तिथे झऱ्यापाशी देवदूताने तिला गाठलं, नावाने हाक मारली, कुठून आलीस आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं. अख्ख्या घराने जिला नुसती 'दासी' म्हटलं, तिला नावाने हाक! मग हागारने काय करावं? तिने देवालाच नाव ठेवलं: मला बघणारा देव. बायबलमध्ये देवाला असं नाव देणारी ती पहिलीच, आणि ती गुलाम आहे, परमुलखातली आहे, बाई आहे. पुढे लेकरासह तिला पुन्हा हाकललं. पखालीतलं पाणी संपलं. तेव्हा देवाने तिचे डोळे उघडले आणि समोरच विहीर दिसली.

ही गोष्ट गावच्या विहिरीच्या नजरेच्या टप्प्यात सांगितली जात होती, हे आजी आवर्जून सांगे. त्या विहिरीवर आमच्या बायका घागर घेऊन ताटकळत, वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. ख्रिस्ती झाल्याने ती विहीर मोकळी झाली नाही. पण पणजीला एक उलगडलं होतं. आजवर तिला देव बघायचा होता. कुणीतरी आपल्याला बघत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

पवित्र शास्त्रात देव बघण्याची गोष्ट सरळ नाहीच. मोशेने तेज बघू दे म्हणून हट्ट धरला, तर त्याला खडकाच्या कपारीत उभं राहावं लागलं आणि पाठमोरं तेवढं दिसलं. डोंगरावर बसून येशू बोलला, तेव्हा देव दिसण्याचं वचन त्याने दिलं ते निर्मळ अंतःकरणाच्या माणसांना. आणि त्याच मत्तयच्या शुभवर्तमानात, शेवटाकडे, न्यायाच्या दिवशी माणसं चकित होऊन विचारतात की आम्ही तुला भुकेला, तहानेला कधी पाहिला? पाहिलेलं असतं, ओळखलेलं नसतं. मला हा भाग सगळ्यांत भीतिदायक वाटतो. पाणी न ओतता निघून गेलेला माणूस देव बघूनच गेलेला असतो.

नारायण वामन टिळक नगरलाच राहत, आमच्या पणजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक मानत. 1917 साली मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. पणजोबांना तो 'दरबार' शब्दच फार आवडे. पाटलाला लांबून जोहार घालणाऱ्याला दरबारात बसायचं आमंत्रण!

आणि मावशी? तिला केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात पोचवलं होतं. तिथे अंध मुलींची वेगळी व्यवस्था होती, आणि रमाबाईंची लेक मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती. 1920 च्या सुमारास पणजी आजीला घेऊन बहिणीला भेटायला गेली. दौंडला गाडी बदलली, केडगावला उतरल्या. मावशी वेताच्या खुर्च्या विणत बसली होती. तिने काम बाजूला ठेवलं, आजीला जवळ ओढलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवली. भुवया, नाक, गालावरचा चामखीळ. मग म्हणाली, "बघितली तुला." आजी तेव्हा दहा वर्षांची. "माझ्याकडं तवर इतकं कुनी बघितलंच न्हवतं," ती मला म्हणाली. तांदूळ निवडणारे हात थांबले होते.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडलं. आजीची चुलतबहीण, बाप्तिस्मा न घेतलेली, त्याच वर्षी आषाढीला जाऊन आली आणि पहिली आमच्या घरी आली. आजीने तिला तांब्या दिला आणि विचारलं, "कसा हाय?"

"बारका हाय गं. कमरंवर हात. मला वाटलं व्हतं, लई मोठा असंल." ती पाणी प्यायली. "माझ्याकडंच बघत व्हता."

तेव्हा आजीने तिला हागारची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "परत सांग."